खरेदीखतात खरी रक्कम

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

"काका, पंधरा लाख रोख घेतले तर टॅक्स किती वाचेल?" हा तुझा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता, म्हणून लिहितोय.

बाबांचा फ्लॅट ८० लाखांना जातोय. खरेदीदार म्हणतो ६५ खरेदीखतात, १५ रोख. एजंट म्हणतो सगळे असंच करतात. करू देत. खरेदीखतात खरी रक्कम, मग बाकीचं बोलू.

बाबांनी तो १९९४ साली तीन लाखांना घेतला. वारशाने आलेल्या घराला त्यांचीच किंमत आणि त्यांचीच तारीख लागते. घर जुनं असल्याने १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो, मात्र तो त्या दिवशीच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त चालत नाही. व्हॅल्युअरने तो सहा लाख काढला, तर नफा ७४ लाख. २३ जुलै २०२४ पासून दर साडेबारा टक्के, म्हणजे सव्वानऊ लाख, वर अधिभार आणि उपकर. इंडेक्सेशनसह, म्हणजे जुनी किंमत महागाईनुसार वाढवून धरून, २० टक्क्यांचा पर्याय तुला आहे, पण तो महाग पडतो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पंधरा लाखांवरचा कर १,८७,५०० रुपये. तोही वाचत नाही. तुझ्या फ्लॅटचं रेडी रेकनरचं, म्हणजे सरकारी दरपत्रकातलं, मूल्य ७८ लाख आहे. ते करारातल्या रकमेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असलं, की कर त्या मूल्यावरच धरतात. म्हणजे वाचले फक्त २५ हजार! आणि घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली, तर घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. मुद्रांक शुल्कही ७८ वरच लागणार, तेव्हा खरेदीदाराचीही त्यात फारशी बचत नाही. त्याच्याकडे हिशेबाबाहेरची रोकड पडून आहे, ही त्याची नड. ती तुझी कधीपासून झाली?

मिरजेचं आमचं घर विकताना मी हेच धरून बसलो होतो. चांगली गिऱ्हाइकं परत गेली. धाकट्या भावाला मुलीच्या लग्नासाठी व्याजाने पैसे काढावे लागले. अजून घराचा विषय निघाला की तो उठून जातो. वाईट वाटतं, फार वाटतं. पण त्या व्याजाचा निम्मा भार मी उचलायला तयार होतो, त्यानेच घेतला नाही. आणि घर शेवटी विकलं गेलंच, खऱ्या रकमेला. आजही मी तेच करीन.

खरेदीखतात खरी रक्कम असली की सवलती पूर्ण तुझ्या. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा नंतर दोन वर्षांत दुसरं घर घेतलंस, बांधायचं असेल तर तीन वर्षांत बांधलंस, आणि ७४ लाख त्यात गेले, तर या नफ्यावर कर शून्य. ते घर मात्र तीन वर्षं विकायचं नाही. रोखीतले पंधरा लाख तिथे कसे दाखवशील? पुढच्या विक्रेत्याला तूही रोखच घ्यायला लावशील!

घर नको असेल तर सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत आरईसी किंवा पीएफसी या सरकारी कंपन्यांचे कॅपिटल गेन बाँड घे, तेवढ्या नफ्यावर कर नाही. पाच वर्षं हात लावता येत नाही. उरलेल्या २४ लाखांवर मूळ कर तीन लाख. रिटर्नच्या मुदतीपर्यंत घर ठरलं नाही, तर पैसे साध्या बचत खात्यात ठेवू नकोस, बँकेत अशा नफ्यासाठीच असलेलं कॅपिटल गेन्स अकाउंट उघड. खरेदीदार एक टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापेल, तो तुझ्याच नावावर जमा होतो.

इसार घेतला नाहीस ना? घेऊ नकोस. ८० लाख, सगळे बँकेतून, असं त्याला आजच सांग. जात असेल तर जाऊ दे.

रविवारी आईला घेऊन ये. बाबांचं मूळ करारपत्र, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) आणि २००८ साली स्वयंपाकघर वाढवलं त्याची बिलं आण, तो खर्चही नफ्यातून वजा होईल. बिलं नसतील असं म्हणू नकोस. तुझे बाबा पावती फेकणाऱ्यांतले नव्हते, माळ्यावरची ट्रंक बघ.

तुझा,
काका