अल कपोन आणि प्राप्तिकर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन याच्या १९३१ च्या करचुकवेगिरीच्या खटल्याबद्दल या सदराकडे सतत त्याच शंका येत असतात. त्यांपैकी काहींना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : कपोनला दारूबंदी खात्याचा अधिकारी एलियट नेस यानेच पकडले ना?

नाही. नेसच्या पथकाने दारूच्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या आणि दारूबंदी कायद्याखाली हजारो गुन्ह्यांचे आरोपही ठेवले गेले, पण त्या आरोपांवर खटला कधी चाललाच नाही. कपोनला तुरुंगात धाडले ते एल्मर आयरीच्या हाताखालील करतपास शाखेने आणि तिच्या फ्रँक विल्सन या चिकाटीच्या अधिकाऱ्याने. पडद्यावर पाहिलेला प्रसंग इतिहास म्हणून सांगण्यापूर्वी खटल्याची कागदपत्रे चाळण्याची तसदी घ्यावी.

प्रश्न : एवढ्या तरुण वयात तो प्रमुख कसा झाला?

तो १८९९ मध्ये ब्रुकलिनमध्ये इटालियन स्थलांतरितांच्या घरी जन्मला. तेथील ओळखीचा जॉनी टोरिओ त्याला शिकागोला घेऊन गेला, जानेवारी १९२० मध्ये दारूबंदी लागू झाली आणि चोरट्या दारूत अफाट पैसा आला. जानेवारी १९२५ मध्ये टोरिओवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो वाचला, पण धंदा कपोनच्या हवाली करून बाजूला झाला. तेव्हा कपोन २६ वर्षांचा होता.

प्रश्न : इतक्या हत्यांचा बोलबाला असताना खुनाचा खटला का भरला नाही?

बोलबाला म्हणजे पुरावा नव्हे. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोतील नॉर्थ क्लार्क स्ट्रीटवरील गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीशी उभे करून मारले गेले. संशय कपोनवरच होता, पण तो स्वतः फ्लोरिडात होता आणि त्या हत्याकांडाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.

प्रश्न : बेकायदा कमाई जाहीर करणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे. मग विवरणपत्र न भरण्याचा त्याला हक्क नव्हता का?

हा युक्तिवाद दक्षिण कॅरोलायनातील सलिव्हन नावाच्या दारूविक्रेत्याने केला होता आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९२७ मध्येच फेटाळला. धंदा बेकायदा असला तरी उत्पन्नावर कर लागतो आणि विवरणपत्र भरावेच लागते. एखाद्या विशिष्ट प्रश्नाला उत्तर देण्यास हरकत असेल, तर ती त्या विवरणपत्रातच नोंदवावी, असा त्या निकालाचा आशय होता. भारतातही बेकायदा उत्पन्न करमुक्त नाही. ‘मित्र म्हणाला, यावर कर नसतो’ अशी पत्रे पाठवणाऱ्यांनी त्या मित्राऐवजी करसल्लागाराला गाठावे.

प्रश्न : कपोनच्या वकिलाने करखात्याला लिहिलेले पत्रच त्याच्या अंगाशी आले, हे खरे का? मलाही जुन्या वर्षांची नोटीस आली आहे. सविस्तर पत्र लिहून सगळे मोकळेपणाने सांगून टाकावे का?

खरे आहे, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘सल्ल्याशिवाय एक ओळही लिहू नका’ असे आहे. घटनाक्रम नीट पाहा. १९२६ च्या एका छाप्यात जुगारअड्ड्याची खातेवही पोलिसांच्या हाती लागली होती, पण तिचे मोल ओळखायला वर्षे गेली. १९२७ च्या निकालानंतर विवरणपत्र टाळण्याला कसलाही आधार उरला नव्हता. तरीही कपोनने १९२८ आणि १९२९ ची विवरणपत्रेही भरली नाहीत. त्याचा भाऊ राल्फ करचुकवेगिरीच्या खटल्यात अडकला, तेव्हा कोठे याला जाग आली. मग लॉरेन्स मॅटिंग्ली या वकिलाने तडजोडीची बोलणी सुरू केली आणि सप्टेंबर १९३० मध्ये खात्याच्या हाती एक पत्र दिले. १९२५ च्या उत्तरार्धापर्यंत आपला अशील आठवड्याला ७५ डॉलरपेक्षा अधिक पगार घेत नव्हता, १९२८ व १९२९ मध्ये नफ्यात त्याचा एक षष्ठांश वाटा होता, आणि त्याचे उत्पन्न १९२६ मध्ये २६,०००, १९२७ मध्ये ४०,००० व पुढील दोन वर्षांत प्रत्येकी १,००,००० डॉलरपेक्षा अधिक नसावे, असे त्यात नमूद होते. अशिलाच्या हक्कांना बाधा न आणता हे पत्र देत आहोत, अशी पुस्तीही जोडलेली होती. न्यायालयात तिचा काडीचा उपयोग झाला नाही. बचाव पक्षाच्या हरकतीनंतरही न्यायाधीश विल्करसन यांनी पत्र पुराव्यात घेतले. ज्याच्या नावावर मालमत्ता नाही, बँकेत खाते नाही, त्याला उत्पन्न होते हे सरकारला आता त्याच्याच वकिलाकडून लेखी मिळाले. आकडे किरकोळ दाखवले होते, पण उत्पन्न शून्य नव्हते एवढे सिद्ध व्हायला ते पुरेसे होते.

आपल्या प्रकरणात बनवाबनवी नसेलही. तरीही चुका दोनच असतात आणि लोक त्या याच क्रमाने करतात : आधी वर्षानुवर्षे चालढकल, मग घाबरून एका रात्रीत लिहिलेले पत्र. मुदत नोटिशीप्रमाणे धावते, आपल्याला वेळ मिळाल्यापासून नव्हे. ‘नोटीस मिटवून देतो, फक्त येथे सही करा’ अशा जाहिराती करणाऱ्यांच्या कोऱ्या कागदांवर सही करू नये. नोटीस, त्या वर्षांची खाती आणि बँकेचे उतारे घेऊन याच आठवड्यात अनुभवी सनदी लेखापालाकडे जावे. फौजदारी कारवाईचा उल्लेख असल्यास सोबत वकीलही हवा.

प्रश्न : त्याने गुन्हा कबूल केला होता, मग खटला कसा चालला?

सुमारे अडीच वर्षांची शिक्षा होईल या भरवशावर त्याने जून १९३१ मध्ये कबुली दिली. सरकारी वकिलांशी झालेला असा सौदा न्यायालयावर बंधनकारक नाही, असे विल्करसन यांनी बजावल्यावर त्याने ती मागे घेतली. ज्यूरीला लाच देण्याचे प्रयत्न चालल्याची कुणकुण लागताच त्यांनी संपूर्ण यादीच बदलून टाकली. बचावासाठी कपोन घोड्यांच्या शर्यतीत किती पैसे हरला हे सांगणारे बुकी उभे करण्यात आले. त्यातून त्याच्याकडे उधळायला पैसा होता एवढेच ठसले. १७ ऑक्टोबरला तो पाच आरोपांत दोषी ठरला आणि आठवड्याने ११ वर्षांची कैद व ५०,००० डॉलर दंड झाला.

प्रश्न : अल्कट्राझ बेटावरच्या तुरुंगाने त्याला वेड लावले का?

नाही. सिफिलिस हा जुना गुप्तरोग मेंदूपर्यंत पोहोचला होता. १९३९ मध्ये सुटल्यावर तो खचलेला होता आणि २५ जानेवारी १९४७ रोजी फ्लोरिडातील घरी मरण पावला. आजाराचे तपशील डॉक्टरांना विचारावेत.

प्रश्न : एका संकेतस्थळावर कपोनची सही असलेले पत्र स्वस्तात मिळते आहे. घ्यावे का?

२०२१ मध्ये त्याच्या कुटुंबाने लिलावात काढलेले पिस्तूल ८ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. अशा बाजारात अस्सल सही स्वस्तात का विकली जाईल, याचा विचार करावा. विक्रेत्याने स्वतःच छापलेल्या ‘अस्सलतेच्या प्रमाणपत्रा’ला किंमत नसते. स्वतंत्र हस्ताक्षरतज्ज्ञाचे लेखी मत मिळेपर्यंत पैसे भरू नयेत, आणि परदेशातून मागवायचे असल्यास सीमाशुल्काची चौकशीही आधीच करावी.