बाबांच्या शेजारच्या सीटवर बसून बघा

एका ताईंनी विचारलंय, बाबा ७६ वर्षांचे, आमच्याकडेच राहतात, डॉक्टरांनी एमसीआय (माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट) सांगितलंय. दादा (तो वीस मिनिटांवर राहतो) म्हणतो आजच गाडीची किल्ली काढून घे, आई म्हणते एवढं काय त्यात, मी काय करू?

ताई, लगेच दोघांचंही ऐकू नका. एमसीआय म्हणजे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) नाही, विसरणं वयाच्या मानाने जास्त झालंय पण रोजचे व्यवहार माणूस स्वतःचे स्वतः करतोय अशी ती मधली पायरी. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०१८ च्या गाइडलाइनप्रमाणे ७५ ते ७९ वयात जवळपास १५ टक्के लोकांना हे असतं, आणि ६५ च्या पुढच्या एमसीआयवाल्यांपैकी दोन वर्षांत साधारण १५ टक्क्यांना डिमेन्शिया होतो, म्हणजे बाकीचे तेवढ्यात तिकडे जात नाहीत, काही तर परत नॉर्मलला येतात. त्यामुळे नुसत्या नावावरून किल्ली काढून घेणं मला तरी पटत नाही.

पण बाबांना "गाडी नीट चालवता ना?" असं विचारूही नका, काय उत्तर येणार माहितीये. याच संस्थेने २०१० मध्ये डिमेन्शिया आणि ड्रायव्हिंगबद्दल सांगितलं होतं की पेशंट स्वतःला सेफ म्हणतो त्यावर विसंबता येत नाही, घरच्यांना भीती वाटत असेल तर त्याला मात्र वजन आहे. म्हणून तुम्हीच शेजारी बसा, एकदा नाही, चार-पाच वेळा.

माझे सासरे हायवेवर इतकं मस्त चालवायचे की मला वाटायचं आपणच उगाच घाबरतोय. मग एकदा सिग्नल नसलेल्या चौकात समोरचं ट्रॅफिक बघून वळायचं होतं, ते गप्पा मारता मारता एकदम गप्प झाले, इंडिकेटरऐवजी वायपर लावला (वायपरचं सोडा, नवीन गाडीत मीही लावते), मागचा हॉर्नवर हॉर्न देतोय आणि यांनी ब्रेकवर पाय ठेवूनच माझ्याकडे बघितलं, "आता जाऊ ना?" रस्ता त्यांना तोंडपाठ होता, प्रश्न आठवणीचा नव्हताच. समोरच्या गाडीचा वेग, मधली जागा, चालत येणारा माणूस, हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरायचं असतं, आणि वयस्कर लोकांचे अपघात असं वळतानाच जास्त होतात. बंपरवरचे नवे ओरखडेही बघून ठेवा. रात्रीचं ड्रायव्हिंग ते स्वतःहून टाळायला लागले असतील तर ते शहाणपण आहे, पण खूणही आहे.

मोका टेस्टमध्ये (आठवण आणि विचारशक्तीची छोटी चाचणी) ३० पैकी किती पडले यावरून ड्रायव्हिंग ठरत नाही. डॉक्टरांकडून ऑक्युपेशनल थेरपिस्टची (रोजची कामं माणसाला कितपत जमतात ते तपासणारे) रोड टेस्ट लिहून घ्या, त्यात प्रत्यक्ष रस्त्यावर गाडी चालवायला लावून बघतात, आणि नाही म्हणायची वेळ आलीच तर ते बाहेरच्या माणसाने म्हटलेलं बरं, तुमचे आणि बाबांचे संबंध शाबूत राहतात. त्याच खेपेला बी १२, थायरॉइड, डोळे, कान आणि गोळ्यांची यादी तपासून घ्या, झोपेच्या आणि जुन्या प्रकारच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनीही डोकं जड होतं. पास झाले तरी सहा-आठ महिन्यांनी परत बघायचं. नियम देशागणिक वेगळे, ब्रिटनमध्ये ड्रायव्हिंगवर परिणाम होत असेल तर डीव्हीएलएला (तिथलं लायसन्सचं सरकारी खातं) कळवावंच लागतं, नाहीतर १००० पौंडांपर्यंत दंड आहे, तेव्हा आपल्याकडचा नियम आणि इन्शुरन्सचं आधी विचारून घ्या.

आणि किल्ली मागायच्या आधी बाबा आठवड्यात कुठे कुठे जातात ते कागदावर लिहा, प्रत्येक फेरीपुढे कोण नेणार त्याचं नाव टाका. लायब्ररी, मित्र, डॉक्टर सगळं. दादाला इतकी घाई आहे ना, पहिल्या दोन फेऱ्यांपुढे त्याचंच नाव लिहा.