‘लॉज इन’ म्हणजे राहणं की अडकणं?

तुम्ही विचारलंय की इंग्रजीतल्या ‘लॉज इन’ (lodge in) या क्रियापदाचा अर्थ एकीकडे ‘राहणे’ आणि दुसरीकडे ‘अडकणे’ असा कसा, आणि त्याच्या जागी कोणते शब्द चालतील. दोन्ही अर्थ बरोबर आहेत. कर्ता माणूस असेल तर बहुधा राहणं, वस्तू असेल तर अडकणं. ‘गिव्ह अप’मध्ये ‘अप’मुळे अर्थच बदलतो, तसं इथे होत नाही, ‘इन’ म्हणजे नुसतं ‘आत’.

राहणं म्हणजे दुसऱ्याच्या जागेत, काही काळापुरतं, बहुतेक वेळा पैसे मोजून. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार लालबाग-परळच्या चाळींत एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे आणि खाणावळीत जेवायचे, ते ‘लॉज’ करणं. स्वतःच्या घराला ‘लिव्ह’च. समानार्थी म्हणून ‘स्टे’ बिनधास्त वापरा. ‘रिसाइड’ कागदोपत्री आणि कायमच्या वास्तव्याचं वाटतं, ते टाळा. ‘बोर्ड’मध्ये जेवणही आलं, पाट्यांवर ‘लॉजिंग-बोर्डिंग’ असं जोडीनं लिहितात ते म्हणूनच.

दुसऱ्या अर्थाकडे जास्त लक्ष द्या, गोंधळ तिथेच होतो. वस्तू वाहत, उडत, घरंगळत येते, मध्येच कुठेतरी अडकून बसते आणि सहजासहजी निघत नाही, तेव्हा ‘लॉज’. पहिल्या जोरदार पावसात नाल्याच्या जाळीपाशी बघा: दुधाच्या पिशव्या, थर्माकोलचे तुकडे, फांद्या पाण्याबरोबर येतात आणि गजांमध्ये जाऊन बसतात, मागचं पाणी तुंबायला लागतं. हे अगदी नेमकं उदाहरण. पाला मासा खाताना घशात काटा अडकतो, खांद्यात गोळी रुतून बसते, तिथेही हेच क्रियापद. आपण मुद्दाम भिंतीत ठोकलेल्या खिळ्याला मात्र ते लावू नका.

इथे ‘गेट स्टक’ सगळीकडे खपतं. ‘वेज’ म्हणजे पाचर मारल्यासारखं, दोन बाजूंच्या कचाट्यात घट्ट. ‘जॅम’ म्हणजे हलायची गोष्ट हलेनाशी होणं: कुलूप, खिडकी, प्रिंटरमधला कागद. ‘एम्बेड’ म्हणजे चांगलं आत रुतलेलं, डांबरातली खडी असते तसं. अडकलेलं काढायचं असेल तर ‘डिस्लॉज’, हा शब्दही लगेच पाठ करून ठेवा.

आपल्याकडे एखादी गोष्ट मनात घर करून राहते ना? इंग्रजीत ती ‘लॉज्ड इन माय माइंड’. राहणं आणि रुतून बसणं, दोन्ही त्या एका ‘घर करणे’त आलंच आहे, त्यामुळे मराठी माणसाला हा शब्द परका वाटायचं कारण नाही.

‘लॉज अ कम्प्लेंट’ वेगळं, तिथे अर्थ ‘दाखल करणे’. तक्रार पोलिसांकडे असेल तर ‘विथ द पोलीस’ म्हणा, ‘इन’ नको.