मोंतालबानो वाचायला घेताय?

जरूर घ्या! या रहस्यकथांमधला पोलीस अधिकारी मोंतालबानो जिथे तपास करतो, ते विगाता हे सिसिलीतलं गाव काल्पनिक, पण त्याच्या मुळाशी लेखक आंद्रेआ कामिल्लेरींचं जन्मगाव पोर्तो एम्पेदोक्ले आहे. सुरुवात १९९४च्या पहिल्या कादंबरीपासूनच करा. मधलंच पुस्तक उचललं, तर त्याची प्रेयसी लिव्हिया हिच्याशी फोनवर होणारी भांडणं नीट उमगत नाहीत. ‘रिकार्दिनो’ अगदी शेवटी. ते लेखकाच्या निधनानंतर, २०२०मध्ये आलं.

नव्या वाचकाची नेहमीची चूक म्हणजे खुनी कोण, एवढ्याच ओढीने पानं उलटणं. जेवणाचे प्रसंग गाळू नका हं! भरपेट मासे खाऊन मोंतालबानो धक्क्यावरून दीपगृहापर्यंत चालत जातो, खडकावर बसतो आणि तपासाचे धागे मनात जुळवतो. जेवताना कुणी बोललेलं त्याला खपत नाही. मला कित्येक खुनी आता आठवत नाहीत, तो खडक मात्र डोळ्यांसमोर आहे.

मोंतालबानोच्या ठाण्यातला पोलीस कातारेल्ला लोकांच्या नावांची वाट लावतो, तिथे अडखळू नका. दोन पुस्तकांत कान सरावतो.