इंदूरच्या आमच्या मराठी मंडळाचे सभासद-पोर्टल एचटीटीपीएसवर आहे; तरीही लॉगिननंतर सेशन आयडी (ब्राउझर ओळखण्यासाठी सर्व्हर वापरतो ती खूण) बदलावा का?

होय, बदललाच पाहिजे. एचटीटीपीएस केवळ ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या वाटेतली चोरी रोखते. हल्लेखोराने स्वतःला ठाऊक असलेला आयडी सभासदाच्या ब्राउझरमध्ये आधीच घुसवला आणि लॉगिननंतरही तोच कायम राहिला, तर पासवर्ड न कळताही त्याला त्या खात्यात शिरता येते. यालाच सेशन फिक्सेशन म्हणतात. ओवास्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची मार्गदर्शिकाही लॉगिन होताच नवा आयडी देण्यास सांगते. पोर्टल पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत असेल, तर पासवर्ड जुळल्याबरोबर आयडी नव्याने तयार करून जुने सेशन पुसावे, आणि मुळात बंद असलेला ‘स्ट्रिक्ट मोड’ सुरू करावा, म्हणजे बाहेरून आलेला अनोळखी आयडी सर्व्हर स्वीकारत नाही. मात्र लॉगिननंतर चोरलेल्या कुकीवर (हा आयडी ब्राउझरमध्ये जिच्यात साठतो ती छोटी नोंद) हा उपाय नव्हे. त्यासाठी पानावरच्या स्क्रिप्टला कुकी वाचू न देणारी ‘एचटीटीपी-ओन्ली’ ही खूण कुकीला लावणे आणि लॉगआउटच्या वेळी सर्व्हरवरचे सेशनही नष्ट करणे वेगळे पाहावे लागेल.