आर्जव म्हणजे सरळपणा की गयावया?

प्रश्न असा आहे की गीतेत आर्जव हा सद्गुण म्हणून येतो आणि आपण मात्र "किती आर्जवं केली तरी ऐकेना" असं म्हणतो, म्हणजे विनवण्या केल्या, मग यातला खरा अर्थ कुठला, आपण मराठीत शब्द बिघडवलाय का, आणि इंग्रजी 'अपराइटनेस'चं (म्हणजे प्रामाणिक, सरळ वागण्याचं) भाषांतर करताना आर्जव लिहिलं तर चालेल का. मला हा शब्द फार आवडतो त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी शब्द कसा बनलाय ते बघू. ऋजु म्हणजे सरळ, वाकडं नसलेलं. त्याचं भाववाचक नाम आर्जव. लघु वरून लाघव, मृदु वरून मार्दव, पटु वरून पाटव, गुरु वरून गौरव, अगदी त्याच साच्यातलं. म्हणजे शब्दशः अर्थ 'सरळपणा', यात विनवणीचा वाससुद्धा नाही. काहीजण सांगतात की आर्जव हा 'अर्ज'वरून आलाय, तसं नाहीये. अर्ज अरबी आहे, फारसीतून आपल्याकडे आला. कानाला दोन्ही जवळचे वाटतात आणि 'अर्जविनंती' हा जोडशब्दही आहे, त्यामुळे विनवणीचा अर्थ पक्का व्हायला त्या सारख्या उच्चाराची मदत झाली असेल, हे मी नाकारत नाही. पण जन्म तिथला नाही.

आता गीता. तिथे हा शब्द चार वेळा आलाय: तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत, सोळाव्यात दैवी संपत्तीत, सतराव्यात तपाच्या प्रकारांत आणि अठराव्यात. यातली सतराव्यातली जागा मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते कारण तिथे आर्जव हे शरीराचं तप म्हणून सांगितलंय, वाणीचं किंवा मनाचं नाही. तेराव्यात शंकराचार्य त्याचा अर्थ ऋजुभाव, अवक्रत्व असा देतात. अवक्रत्व म्हणजे वाकडेपणा नसणं, बस, इतकं कोरडं आणि नेमकं.

पण तोच अध्याय ज्ञानेश्वरीत उघडून बघा. ज्ञानदेव आर्जव समजावताना सूर्य आणतात, जो तोंड बघून प्रकाश देत नाही, आणि आकाश आणतात, जे सगळ्यांना सारखीच जागा देतं. सोळाव्या अध्यायात तर आईचं दूध बाळाच्या हितासाठी असतं तसं प्राणिमात्रांविषयी सौजन्य म्हणजे आर्जव, असंच सांगितलंय. सौजन्य! शंकराचार्यांकडे जी सरळ रेघ होती ती इथे येईपर्यंत माया झालीय. म्हणजे जो माणूस आतून वाकडा नाही त्याच्याकडे आपपरभाव उरत नाही आणि ज्याच्याकडे आपपरभाव नाही तो सगळ्यांशी मऊच वागणार, अशी ती साखळी आहे. माझं म्हणणं असं की आपला आजचा अर्थ ह्याच साखळीची पुढची कडी आहे: सरळपणा, मग सौजन्य, मग मऊ बोलणं, मग समोरच्याचं मन वळवायला मऊ बोलणं, आणि शेवटी विनवणी. हे माझं अनुमान आहे, कुणाच्या कोशातून उचललेलं नाही, पण एक तारीख त्याच्या बाजूने आहे. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे 1290 सालची, आणि अलाउद्दीन खिलजीची देवगिरीवरची स्वारी 1296 ची. फारसीचा मराठीवरचा मोठा प्रभाव त्याच्या नंतरचा. म्हणजे 'अर्ज' इथे रुळायच्या आधीच आर्जव मऊ झालेलं होतं. म्हणून मला मराठीने शब्द बिघडवला असं अजिबात वाटत नाही.

आणि हे एकट्या आर्जवचंच नाही झालेलं. ऋजू हा शब्द मराठीत कसा वापरतो आपण? "ते फार ऋजू स्वभावाचे आहेत" म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो सौम्य, हळू बोलणारा, कुणाला न दुखावणारा माणूस. संस्कृतात ऋजु माणूस सरळ आहे, मराठीत तो मृदू आहे. उलट कडक सरळपणासाठी आपल्याकडे 'ताठ' आहे, पण त्याच्यापासून 'ताठा' बनतो आणि ताठा म्हणजे गर्व. ताठ मान आणि ताठ कणा चांगल्या अर्थाने चालतात, कबूल, पण नुसतं "ताठ आहे तो" म्हटलं तर ती तक्रार असते. मराठीला वाकणारा सरळपणा जास्त आवडतो असं मला हे शब्द बघून वाटतं, आणि अपराइटचं भाषांतर अवघड जातं ते इथेच, कारण त्या इंग्रजी शब्दात उभं राहणं आहे आणि आपल्या शब्दांत वाकडं नसणं आहे. अरबीत बघा, कुराणाच्या पहिल्याच सूरेत, म्हणजे अध्यायात, 'सिरात अल् मुस्तकीम' म्हणजे सरळ मार्ग, त्यातला मुस्तकीम हा उभं राहणं ह्या अर्थाच्या धातूपासून आलाय. हिब्रूतला 'याशार' मात्र आपल्या ऋजुसारखा, मुळात सपाट आणि सरळ. बायबलमध्ये ईयोबची ओळखच सरळ माणूस म्हणून करून दिलीय.

जैन ग्रंथांत आर्जवचा अर्थ सगळ्यात नेमका सापडतो. दशलक्षण धर्मात, म्हणजे जैनांच्या दहा सद्गुणांच्या यादीत, क्षमा, मार्दव (मऊपणा), आर्जव, शौच (मनाची शुचिता) हे पहिले चार बघा (काही यादीत शौच आणि सत्य यांचा क्रम बदलतो) आणि त्यांच्यासमोर चार कषाय, म्हणजे मनाला मळवणारे विकार, ठेवा: क्रोध, मान, माया, लोभ. क्रोधावर क्षमा, मानावर मार्दव, मायेवर आर्जव, लोभावर शौच. इथे माया म्हणजे कपट, आपण वर वापरली ती ममतेची माया नाही. म्हणजे आर्जव काय तर मनात एक, बोलण्यात दुसरं आणि करण्यात तिसरं असं नसणं. मार्दव आणि आर्जव शेजारी शेजारी पण वेगवेगळे ठेवलेत हे लक्षात घ्या, मऊपणा वेगळा आणि सरळपणा वेगळा. मराठीत जे दोन रंग एकमेकांत मिसळले ते इथे स्वच्छ वेगळे दिसतात.

पालीत, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेत, ऋजुचं 'उजु' होतं. संघवंदनेत "उजुपटिपन्नो भगवतो सावकसंघो" हे कितीतरी मराठी लोक रोज म्हणतात, म्हणजे बुद्धांचा श्रावकसंघ, शिष्यांचा संघ, सरळ मार्गाने चालणारा आहे. करणीयमेत्त सुत्तात, म्हणजे मैत्रीभावनेवरच्या बौद्ध सूत्रात, जे गुण अंगी बाणवायचे त्यात "उजू च सुहुजू च", सरळ आणि अगदी सरळ, असं दोनदा येतं आणि लगेच पुढे मृदू असावं हेही येतं. पण मला सगळ्यात आवडते ती ध्यानाला बसायची सूचना, "उजुं कायं पणिधाय", शरीर सरळ ठेवून. आचरणाला जो शब्द तोच पाठीच्या कण्याला! आणि धम्मपदात तोच मनालाही लावलाय, बाण करणारा जसा बाण सरळ करतो तसा शहाणा माणूस हे चंचल, सांभाळायला कठीण असलेलं चित्त उजु करतो. बाण मुळात सरळ नसतो, तो सरळ करावा लागतो, हे त्या उपमेत किती सहज आलंय.

नीतीच्या पुस्तकांत गेलात की मात्र सूरच बदलतो. महाभारत म्हणतं "सर्वं जिह्मं मृत्युपदम् आर्जवं ब्रह्मणः पदम्", जे जे वाकडं ते मृत्यूचं ठिकाण आणि सरळपणा हे ब्रह्माचं. आणि चाणक्याच्या नावावर चालणारा श्लोक सांगतो की फार सरळ राहू नये, वनात जाऊन बघ, सरळ झाडं तोडली जातात आणि वाकडी उभी राहतात. यात अजून एक गंमत आहे, 'सरल' हे संस्कृतात चीड म्हणजे पाइनच्या झाडाचंही नाव आहे. नैषध ह्या संस्कृत महाकाव्यात "आर्जवं हि कुटिलेषु न नीतिः", कुटिल लोकांशी सरळपणा ही नीती नव्हे, हे आहेच, आणि आपली "सरळ बोटाने तूप निघत नाही" ही म्हण त्याच जातीची. शब्द तोच, पण एका पुस्तकात ते ध्येय आहे आणि दुसऱ्यात धोका, म्हणून अर्थ विचारताना पुस्तक कुठलं हे आधी सांगायला लागतं.

गणित-ज्योतिषात भावना वगैरे काही नाही. सूर्यसिद्धांत ह्या ज्योतिषाच्या जुन्या ग्रंथात ग्रहांच्या आठ गती सांगितल्यात आणि त्यातल्या पाच 'ऋज्वी', म्हणजे ग्रह नेहमीच्या दिशेने पुढे चाललाय, बाकीच्या वक्री, म्हणजे उलट दिशेच्या. पंचांगात आपण मार्गी आणि वक्री वाचतो तीच ही जोडी. भूमितीत सरळ रेषा, सरळकोन 180 अंशांचा. मानवाच्या उत्क्रांतीवरच्या पुस्तकात 'होमो इरेक्टस' येतो तिथे मात्र ताठच हवा, ताठ उभा राहणारा. तिथे ऋजू लिहिलं तर तो आदिमानव एकदम सभ्य गृहस्थ वाटायला लागेल.

एक राहिलं. प्राकृतातल्या उज्जुवरून जुन्या मराठीत उजू आलं, सरळ ह्या अर्थी, आणि आपला 'उजवा' हात त्याच घरातला. इंग्रजी 'राइट' आणि लॅटिन 'रेक्टस' हेही मुळात ऋजुचे नातेवाईक, आणि राइटलाही बरोबर, हक्क आणि उजवा असे अर्थ आहेत. हजारो वर्षं लांब राहिलेल्या दोन भाषांनी सरळ ह्या एकाच मुळाच्या शब्दापासून उजव्या हाताचं नाव केलं हे कळलं तेव्हा मला खूप आनंद झाला होता. (व्रत उजवणं, उजवणी ह्यातला उजवणं वेगळा, तो ह्यात धरू नका.)

तर भाषांतराचं. पैशाच्या किंवा कामाच्या बाबतीत अपराइट असेल तर सचोटी लिहा, तो शब्द तिथे पक्का बसतो. स्वभावाबद्दल असेल तर सरळपणा, पण नुसतं "सरळ माणूस" लिहिलंत तर भोळा असाही अर्थ लागतो, म्हणून "सरळ वागणारा" किंवा "सरळमार्गी" बरं. ताठ मानेने जगणं असा सूर असेल तर बाणेदार चालेल. ऋजुता लिहाल तर वाचक सौम्यपणा समजणार हे धरून लिहा. आणि आर्जव फक्त गीता किंवा दशलक्षणासारख्या मजकुरात, तेही पहिल्यांदा येईल तिथे "आर्जव म्हणजे सरळपणा" असं वाक्यातच सांगून, नाहीतर "त्याच्या अंगी आर्जव होतं" हे वाचून लोकांना वाटेल की तो सारखा कुणाच्या तरी हातापाया पडत होता.