आठ वर्षांच्या मुलीला संविधानातले हक्क कसे समजावू?

कलमांचे आकडे बाजूला ठेवा, तिच्या शाळेतल्या पाण्याच्या माठापासून सुरुवात करा. मी चौथीला शिकवते. ‘या माठातलं पाणी कुणाला पिऊ दिलं नाही तर?’ एवढं विचारलं की मुलं लगेच चिडतात, आणि तिथेच कलम १७ कळतं: अस्पृश्यता पाळणं गुन्हा आहे. मग १९२७ चा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह सांगा, कारण हा हक्क आयता मिळालेला नाही. सरकार कसं चालतं हे गल्लीतला दिवा कोण लावतं यावरून सांगा: ग्रामपंचायत किंवा नगरपालिका. फक्त ‘शिक्षण सगळ्यांना मोफत’ असं सरसकट सांगू नका. कलम २१-क मधला तो हक्क ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे.